मोगल 'पाव्हणं' म्हणत नाही

ताई, तुमचा प्रश्न वाचला, कागदाचा फोटोही पाहिला. बाकीच्यांना कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुमचं मूळ घर निपाणीच्या पलीकडे, वेदगंगेच्या काठावरच्या गावात. घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट चालत आलीय. आजोबांचे खापरपणजोबा थंडीच्या दिवसांत रात्री हरभऱ्याची राखण करत होते. डोक्याचा पटका सोडून त्यांनी आंब, म्हणजे हरभऱ्याचा आंबट रस, धरायला पिकावर पसरला होता. चांदण्यात तो पांढरा पटका लांबून दिसला आणि पाच-सहा घोडेस्वार शेतात शिरले. आज्जी म्हणते, "मोगल आल्ते बघ." त्यांनी हरभरा उपटून भारे बांधले. एकानं भाला रोखून विचारलं, "पाव्हणं, गाव कंचं?" बोलता बोलता खापरपणजोबांचं आजोळ आणि त्या स्वाराच्या मावशीचं गाव एकच निघालं. मग त्यानं ह्यांना सोडलं, पटकाही ठेवून गेला. वर एक "चिठ्ठी" दिली, जी दाखवली की पुन्हा कुणी त्रास द्यायचं नाही. ती चिठ्ठी म्हणजेच देवघरातल्या तांबड्या फडक्यातला मोडी कागद, असं घरात मानतात. तुमचा प्रश्न असा की हे खरं कितपत, ते शत्रू कोण, आणि कागदोपत्री शोधायचं तर कुठून सुरुवात करायची.

मी मोडी वाचतो त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. बेळगाव, खानापूर, चिकोडी, हुक्केरी या पट्ट्यातल्या घरांतून असे कागद आणि अशा गोष्टी पुष्कळ येतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. तुमच्या गोष्टीतला पटका खरा, 'पाव्हणं' खरं, मोगल खोटे, आणि चिठ्ठी दुसऱ्याच कशाची तरी आहे. आता एकेक बघू.

मोगलांपासून सुरुवात करतो, कारण सगळे तिथेच अडकतात. औरंगजेब १७०७ मध्ये वारला. त्यानंतर या भागात फिरलेल्या फौजा बहुतेक एकमेकांच्या ओळखीच्या होत्या. सावनूरचे नवाब, हैदर, टिपू ही मंडळी मधूनमधून आली, नाही असं नाही. पण निपाणी-चिकोडीच्या रयतेला अठराव्या शतकाच्या शेवटी सगळ्यात जास्त कुणी रगडलं असेल, तर ते कोल्हापूरकर आणि पटवर्धन यांच्या आपसातल्या लढायांनी. एका बाजूला छत्रपतींची कोल्हापूरची गादी, दुसऱ्या बाजूला पेशव्यांचे मिरज-सांगली-तासगाव-जमखंडीचे पटवर्धन सरदार, आणि मध्ये हा चिकोडी-मनोळीचा मुलूख. दोन्हीकडचे कागद मोडी मराठीत, दोन्हीकडे एकाच कुळातली माणसं चाकरीला, जेजुरी-जोतिबा-यल्लमाची जत्राही दोन्हीकडच्यांची तीच. इंग्रजी शिकलेली मंडळी ज्याला गृहयुद्ध म्हणतात त्याला आपल्याकडे यादवी किंवा भाऊबंदकी म्हणतात, आणि ती अगदी अशीच असते.

म्हणून मला मोगल पटत नाहीत. मोगल स्वारानं रात्री शेतात शिरून, भाला रोखून "पाव्हणं" अशी हाक मारली असती का? त्याच्या मावशीचं गाव इथलं निघालं असतं का? तुमच्या आज्जीनं शत्रूचं नाव बदललं, पण त्याच्या तोंडची भाषा बदलली नाही. आणि नाव का बदललं असेल तेही समजण्यासारखं आहे. आपल्याच माणसांनी आपलं रान लुटलं, हे नातवंडांना कसं सांगायचं? दोन-तीन पिढ्या गेल्या की असा शत्रू 'मोगल' होतो, कुठे 'पेंढारी' होतो, कुठे 'गोरे' होतो. तुमचे काका म्हणतात की ते 'कानडी' असणार. ते तर अलीकडचं, १ नोव्हेंबर १९५६ नंतरचं बोलणं आहे. तेव्हाच्या फौजांत भाषेवरून रांगा लागत नव्हत्या. दोन्ही बाजूंच्या शिबंदीत मराठे होते, मुसलमान होते, बेडर होते, आणि या भागातला शिपाईगडी दोन्ही भाषा बोलायचा, जसा आजही निपाणीच्या बाजारात बोलतो.

आता आंब. तुमच्या गोष्टीतला माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा धागा हाच आहे, आणि तुम्ही तो कंसात टाकून दिलाय! शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून आंबट रस सुटतो. थंडीत, दव पडायच्या दिवसांत, रात्री पिकावर स्वच्छ धुतलेलं पांढरं फडकं पसरायचं. पहाटेपर्यंत दवाबरोबर तो आंबटपणा कापडात उतरतो. उन्हं यायच्या आत कापड पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर, अजीर्णावर म्हातारी माणसं ती आंब चमचाभर देत. आमच्या घरी लहानपणी अशी बाटली फळीवर असायची, आणि ती चोरून चाखली की दात आंबायचे.

म्हणजे गोष्टीचा हंगाम ठरला. आंब मिळते ती हरभरा घाट्यावर यायच्या सुमाराला, मार्गशीर्षाच्या शेवटापासून माघापर्यंत. ही गोष्ट श्रावणातली असूच शकत नाही, वैशाखातलीही नाही. लढाईची तारीख माणूस विसरतो, बदलतो, पण रानात तेव्हा काय उभं होतं हे शेतकऱ्याच्या घरात सहसा चुकत नाही. म्हणून मी कुठल्याही घरात गेलो की पहिला प्रश्न "साल कोणतं" असा विचारत नाही. "तेव्हा शेतात काय होतं?" असं विचारतो.

हा हंगाम हातात धरून सालं तपासू.

परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीच्या लढाईत पडले ते सप्टेंबर १७९९ मध्ये. त्यामागची कथा मोठी आहे. सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये गेल्यावर पुण्यात जो गोंधळ माजला, त्यात नाना फडणीस आणि परशुरामभाऊ समोरासमोर आले, आणि १७९६ मध्ये नानांनीच कोल्हापूरकरांना पटवर्धनांच्या मुलखावर उठवलं. पुढे कोल्हापूरकरांनी आणि साताऱ्याच्या चतुरसिंग भोसल्यांनी तासगावचा पटवर्धनांचा वाडा जाळला. तीनच वर्षांत वारं फिरलं, आणि त्याच नानांच्या कारकिर्दीत परशुरामभाऊंना कोल्हापूरवर धाडलं गेलं. पुण्यातल्या डावपेचांचं भाडं कुणी भरलं म्हणाल, तर तासगाव ते चिकोडीच्या रयतेनं. पण सप्टेंबरात हरभरा जमिनीतही नसतो. तेव्हा पट्टणकुडीची लढाई जवळची आणि नावाजलेली असली, तरी तुमची गोष्ट त्या लढाईची नाही.

त्यानंतरचा हिवाळा मात्र बघा. बाप पडल्यावर परशुरामभाऊंचे चिरंजीव रामचंद्र अप्पा चवताळून कोल्हापूरवर चालून गेले. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी ब्राउनरिग नावाच्या गोऱ्या अंमलदाराच्या हाताखाली त्यांच्या मदतीला आल्या. १७९९-१८००च्या हिवाळ्यात कोल्हापूरला वेढा होता. १३ मार्च १८०० रोजी नाना फडणीस वारले, पुण्यातलं राजकारण पालटलं आणि वेढा उठला.

वेढा घालून बसलेली फौज काय खाते? हा प्रश्न लढायांच्या पुस्तकांत क्वचित येतो. तिच्यात हजारो जनावरं असतात: घोडी, बैल, उंट, तोफांचे बैल वेगळे. जवळपासचं वैरण-दाणं पहिल्या पंधरवड्यात संपतं. मग टोळ्या लांब लांब जायला लागतात. या टोळ्यांना आपल्या जुन्या मराठीत 'कही' म्हणतात. कहीवर जाणं म्हणजे छावणीसाठी वैरण, लाकूड, दाणागोटा गोळा करायला बाहेर पडणं.

हा शब्द मी कसा शिकलो ते सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे. उमेदवारीच्या दिवसांत खानापूरकडच्या एका घरातला कागद लावत होतो. मोडीत आधी पानभर रेघ ओढतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात. शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. त्यामुळे वाचणाऱ्याला अंदाज बांधायची सवय लागते आणि तीच पुढे नडते. कागदात होतं "कही येऊन कडबा नेला". मी म्हटलं, लिहिणाऱ्यानं काना गाळलाय, आणि देवनागरीत उतरवून दिलं "काही येऊन कडबा नेला". वाक्य लागत नव्हतं, तरी मी ते रेटलं. वर खुलासा जोडला की 'काही लोक येऊन' असा अर्थ घ्यावा. ज्यांच्याकडे शिकत होतो त्या गुरुजींनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "लेका, 'काही' नव्हे, 'कही' आली होती. त्या घरावर काय गुदरलं असेल ते तू एका कान्यानं पुसून टाकलंस." तेव्हापासून कागदात नसलेला काना मी भरत नाही.

तर तुमच्या रानात आली ती लढाईची फौज नव्हे, कही. पाच-सहा स्वार, रात्रीची वेळ, लढण्याऐवजी पीक उपटून भारे बांधणं, ही सगळी कहीची लक्षणं आहेत. आणि हरभराच का? घोड्याला जो रोजचा दाणा घालतात त्याला चंदी म्हणतात, आणि चंदी म्हणजे मुख्यतः हरभरा. थंडीत वाळली वैरण संपत आलेली असताना स्वाराला घाट्यांनी भरलेलं हिरवं रान दिसलं, की त्याला सोनं सापडल्यासारखंच. निपाणी कोल्हापूरपासून वीस-पंचवीस मैलांवर. एवढ्या लांब वेढ्याची कही येणं काही नवलाचं नाही. ते स्वार पटवर्धनांकडचे की त्यांना हुलकावणी देत फिरणारे कोल्हापूरकर, हे पटक्याच्या गोष्टीवरून ठरत नाही. तसं खरं म्हणजे तुमच्या खापरपणजोबांनाही फार फरक पडला नसणार. हरभरा दोघांच्याही घोड्यांनी सारखाच खाल्ला असता.

इतर सालंही भराभर तपासून टाकतो. निपाणीचे सिधोजीराव निंबाळकर, म्हणजे आप्पा देसाई निपाणकर, आणि कोल्हापूरकर यांची चिकोडी-मनोळीवरून १८१२ च्या आधी बरीच वर्षं झटापट चालू होती. हा काळ हंगामाच्या दृष्टीनं बसू शकतो, म्हणून तो दुसऱ्या नंबरावर ठेवा. १८१८ मध्ये इंग्रजांच्या मन्रोनं बेळगावचा किल्ला घेतला तो एप्रिलात, हरभरा घरात आल्यावर. १८४४ चं गडकऱ्यांचं, म्हणजे गडांवरच्या पिढीजात शिबंदीचं, बंड गडहिंग्लजजवळच्या सामानगडावरून पेटलं. कोल्हापूरचा कारभारी दाजी कृष्ण पंडित यानं गडकऱ्यांच्या जमिनींचे हक्क काढून घ्यायला सुरुवात केली, त्यातून ते उठलं. बेळगावहून कंपनीची फौज गेली आणि ऑक्टोबरात गड पडला. ऑक्टोबरात आमच्याकडे हरभरा पेरतात, आंब कुठली धरणार?

आता तुम्ही म्हणाल, पिढ्यांचा हिशेब जुळत नाही. बरोबर, जुळत नाही. तुमच्या आजोबांचा जन्म १९३२ चा. एका पिढीला अठ्ठावीस वर्षं धरली, तर चार पिढ्या मागे त्यांचे खापरपणजोबा १८२० च्या आसपास जन्मलेले निघतात. १८०० सालच्या थंडीत ते हरभरा राखायला कसे असतील? पण तुम्ही पाठवलेली वंशावळ मी नीट पाहिली. त्यात एकच नाव एक पिढी सोडून पुन्हा पुन्हा आलंय. (नाव इथे मुद्दाम देत नाही.) आपल्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. त्यामुळे एकाखाली एक चार नावं लिहिली, तर पहिलं नि तिसरं, दुसरं नि चौथं सारखंच असतं. गोष्ट सांगताना अशी दोन सारखी नावं एकमेकांत विरघळतात आणि मधली पिढी त्यांच्याबरोबर गळून जाते. माझ्या हिशेबानं तुमच्याकडे नेमकं हेच झालंय. दोन पिढ्या मिटल्या आहेत. १८२० मधून छप्पन वर्षं वजा करा, १७६४ येतात. म्हणजे त्या हिवाळ्यात रानात होता तो त्याच नावाचा त्यांचा आजोबा, वय पस्तिशीचं. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे. पण अशा मिटलेल्या पिढ्या मी इतक्या वेळा पाहिल्यात, की दोन नावं सारखी दिसली की मी आधी तिथेच बोट ठेवतो.

आता देवघरातला कागद. फोटो तिरपा आहे आणि मधल्या घडीवर कसर लागलीय, तरी मुख्य मजकूर लागतो. हे कुणा स्वारानं दिलेलं अभयपत्र नाही. हा कौल आहे, म्हणजे सरकारनं रयतेला दिलेलं लेखी आश्वासन. मोकदम, म्हणजे गावचा पाटील, आणि समस्त रयत यांना उद्देशून लिहिलाय. मतलब असा की गावची रयत परागंदा झाली आहे, तिनं मनात कोणताही अंदेशा न धरता माघारी येऊन लावणी करावी, सारा इस्ताव्यानं घेतला जाईल. इस्तावा म्हणजे पडीक पडलेलं रान पुन्हा वहितीला आणायला दिलेली सवलत. पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडाथोडा चढत ठरावीक वर्षांनी पूर्ण. गाव उठून गेलं की सरकारचं उत्पन्न बुडतं, म्हणून सरकारालाच घाई असते, आणि ती घाई या कागदात भरपूर आहे.

सालाचा आकडा अरबी शब्दांत आहे: "इसन्ने मयातैन व अलफ". उजवीकडून वाचा: अलफ हजार, मयातैन दोनशे, इसन्ने दोन. एकूण १२०२. हे शुहूर सन, म्हणजे जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना. त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि साल मृगाला बदलतं म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. म्हणजे जून १८०१ ते जून १८०२ च्या दरम्यानचा हा कागद. पुढे 'छ' लिहून चांद्र महिन्याची तारीख आहे, ती घडीत गेलीय. फसली, म्हणजे महसुली, सन वेगळा, तो शुहूरपेक्षा नऊनं पुढे असतो. दोन्हींत गल्लत करून नऊ वर्षांची चूक करणारे पुष्कळ भेटतात, म्हणून सांगून ठेवतो.

म्हणजे १७९९-१८०० चा हिवाळा आणि हा कौल यांत दीड-दोन वर्षांचं अंतर आहे. मला हे अंतर आवडलं. तारीख अगदी त्याच महिन्यातली निघाली असती, तर मला उलट शंका आली असती. गाव एका रात्रीत उठत नाही. आधी हरभरा जातो, मग बियाणं जातं, मग बैल विकावे लागतात. त्यातच १८०० च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात धोंडजी वाघ या बंडखोराच्या टोळ्या कित्तूर-धारवाडकडे धुमाकूळ घालत होत्या. पेशव्यांचे सरदार धोंडोपंत गोखले त्यांत मारले गेले आणि इंग्रजांच्या वेलस्लीनं सप्टेंबरात धोंडजीला संपवलं. असं एकावर एक आलं की लोक पाटलासकट नदीपलीकडे सोयऱ्यांकडे निघून जातात. गाव 'बेचिराग' होतं, म्हणजे दिवा लावायला माणूस राहत नाही. मग कुणीतरी कौल देऊन त्यांना परत बोलावतं. तुमचा मूळ पुरुष परत आला, म्हणून तुम्ही आहात.

घरच्यांना थोडं वाईट वाटेल, पण कागदात त्याचं नाव नाही. पाटलाच्या घरचा कागद तुमच्याकडे कसा आला, हा आता खरा शोधायचा प्रश्न आहे. एक तर तुमचं घर कधीकाळी मोकदमीत वाटेकरी असेल, नाहीतर पुढे इनामाची चौकशी निघाली तेव्हा पुरावा म्हणून कुणी जपून ठेवला असेल. इंग्रजांची इनाम कमिशनची चौकशी १८४० च्या दशकात आपल्याच दक्षिण भागातून सुरू झाली आणि १८५२ च्या कायद्यानं ती पक्की झाली. ज्याच्याकडे बिघाभर इनाम होतं त्यानं कैफियत लिहून द्यायची: जमीन कुणी दिली, कशाबद्दल दिली, तेव्हापासून कोण कोण उपभोगत आलं. सोबत वंशावळ आणि सनदेची नक्कल. लढाईतला पराक्रम सिद्ध करायला या कैफियती निरुपयोगी आहेत, कारण इनाम टिकवायला प्रत्येकजण आपला पूर्वज सोन्याचा करून सांगतो. पण मिटलेल्या पिढ्या सापडतात त्या यांतच. तुमच्या घरात एखादा 'देवाचा तुकडा' किंवा 'जुडीची जमीन' (म्हणजे कमी साऱ्याची) असं काही बोललं जातं का, ते विचारा. असेल तर शोध निम्म्यानं सोपा झाला.

दफ्तरं कुठे, याचं उत्तर आपल्या भागात जरा वेडंवाकडं आहे, कारण मुलखानं मालक फार बदलले. १८१८ पूर्वीचा तुमच्या गावचा कागद पेशवे दफ्तरात, म्हणजे पुण्याच्या पुराभिलेखागारात असू शकतो. पटवर्धनांच्या फौजेची त्या हिवाळ्यातली पत्रं मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी छापलेल्या पटवर्धन दफ्तराच्या खंडांतून शोधा. छापील आणि देवनागरीत असल्यामुळे ती तुम्ही स्वतः वाचू शकाल. त्यांत तुमच्या गावाचं नाव शोधू नका, 'कही', 'वैरण', 'महागाई' हे शब्द शोधा. १८१८ नंतर इंग्रजांनी चिकोडी आणि मनोळी कोल्हापूरकरांना दिले आणि काही वर्षांनी परत काढून घेतले, म्हणून मधल्या वर्षांचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. त्यानंतर सगळं धारवाड कलेक्टोरेटखाली, आणि १८३६ मध्ये बेळगाव जिल्हा वेगळा झाला तेव्हापासून बेळगावात. एकाच शेताचा माग काढायला पुणे, कोल्हापूर, धारवाड, बेळगाव अशी चार गावं फिरावी लागतात. एका ठिकाणी "तुमचं गाव आमच्याकडे नाही" असं म्हणाले म्हणून घरी परत जाऊ नका.

आणि हो, हेळवी. पुण्याला गेल्यावर लोक हेळव्यांना विसरतात. नंदीवर बसून, घंटा वाजवत, सुगीनंतर गावोगाव येणारे हे लोक तुमच्या कुळाची वंशावळ वहीत लिहून ठेवतात आणि तोंडपाठ म्हणून दाखवतात. मूळ गाव कोणतं, तिथून कधी नि का उठला, किती भाऊ, कोण कुठे पांगला. पूर्वी धान्य घ्यायचे, आता पैसेही घेतात, आणि बरेचजण मोटारसायकलवर येतात. त्यांच्या वहीतल्या सुरुवातीच्या पिढ्या थोड्या डोळे उघडे ठेवून वाचायच्या. पण मधल्या पाच-सात पिढ्यांत ते क्वचित चुकतात, कारण त्यांचं पोट त्यावर असतं. तुमच्या गावचे हेळवी कोण, ते भावकीतल्या कुणालाही माहीत असेल. येत्या सुगीत ते येतील तेव्हा तुम्ही गावात असा आणि त्यांना फक्त ते एक नाव किती वेळा येतं तेवढं मोजायला सांगा.

गावच्या वेशीवर घोडेस्वार कोरलेला दगड आहे आणि तो आपल्याच पूर्वजाचा, असंही तुम्ही लिहिलंय. फोटोवरून ती वीरगळ आहे, आणि ती पेशवाईच्या कितीतरी शतकं आधीची दिसते. शेंदूर लावा, नारळ फोडा, माझी हरकत नाही. पण या गोष्टीत तिला ओढू नका.

कागदाची काळजी तेवढी आजच घ्या. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर मुळीच नको. घडी जोर लावून उघडू नका. तांबडं फडकं रंग सोडतं, त्याऐवजी धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत ठेवा. कुंकू-तेलाचा हात लागू देऊ नका. दसऱ्याला पूजा करायची तर वरून करा. दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, कागदाच्या बरोबर वर मोबाइल धरून पुन्हा फोटो काढा. एक पूर्ण, मग चार कोपऱ्यांचे चार. मागच्या बाजूचाही हवा. तुम्ही कोरी बाजू म्हणून सोडून दिलीत, पण कागद कधी पोचला, दप्तरी दाखल झाला की नाही याचे शेरे मागेच असतात. शेवटी मोर्तबाचा छोटा शिक्का आहे, तो स्पष्ट आला तर कौल कोल्हापूरकरांचा, निपाणकरांचा की पटवर्धनांचा ते कळेल. तेवढं कळलं की त्या वर्षी तुमच्या गावाचा 'शत्रू' कोण होता, तेही बहुतेक उलगडेल.

राहता राहिली गोष्ट. आज्जीचं बोलणं रेकॉर्ड करताय ते चांगलंच. पण एकच सांगणारं माणूस पुरत नाही. लेकी लग्न होऊन दुसऱ्या गावी जातात तेव्हा गोष्ट बरोबर घेऊन जातात. तिथे ती दुरुस्त करायला माहेरचं कुणी नसतं, त्यामुळे जुन्या वळणातच राहते. तुमच्या आजोबांच्या दोन बहिणी संकेश्वर आणि सदलग्याकडे दिल्यात म्हणालात. त्यांच्या घरी जा. पटका कुणाचा होता, भाला कुणाकडे होता, आजोळ कुठलं निघालं, रानाचं नाव काय होतं, सकाळी आंब पिळली की पटका तसाच घरी आला, हे विचारा आणि गप्प बसून ऐका. स्वार कोण होते ते मात्र तुम्ही आधी बोलू नका. तुमच्या तोंडून 'मोगल' गेला, की त्याही 'मोगल'च म्हणतील.